देवीशी अबोला : मुलगा परदेशी गेल्यानंतरचं एक प्रकरण

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका जुन्या घरात एकट्या राहणाऱ्या ६८ वर्षांच्या बाईंचं हे प्रकरण आहे. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गल्लीत सगळे त्यांना आक्का म्हणतात, इथंही तेच ठेवलं आहे.

हे प्रकरण मांडावंसं वाटलं त्याला एक कारण आहे. घरची माणसं लांब गेली की मागं राहिलेल्या आई-वडिलांना सगळे एकच सांगतात : देवाधर्मात मन रमवा, जरा हिंडा-फिरा. सल्ला वाईट नाही. पण तो देणारा माणूस समोरच्याचं देवाशी सध्या कसं चाललंय, हे कधी विचारत नाही. आक्कांचं दुखणं नेमकं तिथंच होतं.

घर

आक्कांचे यजमान शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात, सून खासगी दवाखान्यात नर्स, नात चौथीत, नातू बालवाडीत. नर्सना कॅनडात मागणी आहे, म्हणून सुनेनं तिकडचा अर्ज केला होता. कागदपत्रं, इंग्रजीची परीक्षा, पैशांची जुळवाजुळव यात दोन-तीन वर्षं गेली. संक्रांत झाली आणि चौघंही टोरांटोजवळ राहायला गेले.

घरात भांडण नव्हतं, हे आधी सांगायला हवं. सासू-सुनेचं चांगलं होतं. मुलानं जाताना गॅसच्या नंबरापासून महिन्याच्या गोळ्यांपर्यंत सगळी सोय लावली होती. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, शेजारी किल्ली दिली, मोबाइलवर मोठ्या अक्षरात नावं भरून ठेवली. आणि आक्कांची पहिली अडचण हीच झाली. इतकं करून गेलेल्या मुलाबद्दल तक्रार करायची तरी कशी? गल्लीत तर जो तो म्हणायचा, "आक्का, नशीबवान हाय तुम्ही, पोरगं कॅनडाला!"

कौटुंबिक ताणावर काम करणाऱ्या पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेनं १९७० च्या दशकापासून अशा दुःखाचा अभ्यास केला आहे. माणूस मनात आहे पण घरात नाही. गेलाय, पण गमावला असंही म्हणता येत नाही. असं दुःख संपत नाही, कारण त्याला शेवटच नसतो. आपल्याकडे कुणी वारलं तर दहावा-तेरावा असतो, लोक येऊन बसतात, रडायला जागा असते. मुलगा विमानात बसला की पेढे वाटतात. पेढे वाटून झाल्यावर घरी आलेल्या आईजवळ कुणी बसत नाही.

माझ्याकडे आल्या तेव्हा

त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी. साखर वाढलेली, वजन उतरलेलं, झोप तुटक. डॉक्टरांना शंका आली ती एका वाक्यानं. पथ्याबद्दल विचारलं तर आक्का म्हणाल्या होत्या, "एकटीसाठी काय भाजी टाकायची?"

वृद्धांमधलं नैराश्य तपासायची १५ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. तिची उत्तरं सौम्य नैराश्याकडे झुकत होती. जीव नकोसा झाल्याचा विचार नव्हता, हे मी स्पष्ट शब्दांत विचारून घेतलं. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायला डॉक्टरांना सुचवलं. बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. हे मी मुद्दाम लिहिते. साठीनंतरच्या थकव्याला आणि उदासीला सगळे 'पोरांची आठवण' म्हणतात आणि रक्त तपासायचं राहून जातं.

दिवस कसा जातो, हे विचारल्यावर खरं चित्र दिसलं. फोन यायचा सकाळी साडेसहाला, तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असताना. आक्का चारला उठायच्या, आंघोळ करून, केस विंचरून, चांगलं पातळ नेसून पाचपासून मोबाइल समोर ठेवून बसायच्या. फोनवर तीच तीन वाक्यं : जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, पोरं काय करतात. मग नातू कॅमेऱ्यासमोरून पळून जायचा.

"सात वाजता फोन ठेवला की माझा दिवस संपतोय, ताई," असं त्या म्हणाल्या.

देवळात जाता का, हेही मी विचारलं होतं. अंबाबाईचं देऊळ घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लग्न होऊन या पेठेत आल्यापासून मंगळवार-शुक्रवार चुकला नव्हता, शुक्रवारची पालखी बघितल्याशिवाय त्या झोपत नसत. "जातो की," म्हणाल्या. मी पुढं विचारलं नाही. मुलगाही रोज विचारायचा, आणि त्यालाही तेच उत्तर मिळायचं.

गुलालाची पुडी

चैत्र पौर्णिमेला गल्लीतले लोक जोतिबाच्या यात्रेला डोंगरावर जाऊन आले. त्यानंतर काही दिवसांनी मी आक्कांच्या घरी गेले. फ्रिजवर कागदाची एक पुडी होती, गुलालाची, सोबत खोबऱ्याची वाटी. दोरा तसाच बांधलेला. कोल्हापुरातल्या घरात जोतिबाचा गुलाल असा न सोडता पडून राहत नाही. आल्या-आल्या देवापुढं ठेवतात, कपाळाला लावतात, खोबरं वाटतात.

"आक्का, पुडी अजून सोडली नाही?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी देवळात न्हाई जात, ताई. संक्रांतीपासून पाय न्हाई ठेवला."

आणि मग सगळं बाहेर आलं. मुलाचा व्हिसा यायचा होता तेव्हा आक्का एका मंगळवारी देवळात उभ्या राहिल्या आणि व्हिसा येऊ नये म्हणून अंबाबाईला ओटी बोलल्या.

"सून रात्री पोरं निजल्यावर पुस्तक घेऊन बसायची. पोरगं सुट्टी टाकून कागदासाठी हेलपाटे घालायचं. आणि मी तिकडं उभं राहून सांगत होतो, आई, ह्यांचं काम होऊ देऊ नको. आता कुठल्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं?" थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तिनं माझं ऐकलं न्हाई, ह्याचा राग बी हाय. दोन्ही हाय."

या प्रकरणाचा गाभा या दोन वाक्यांत आहे. बाहेरून दिसत होती एकटेपणानं खचलेली म्हातारी बाई. आतून त्या मुलाला मुकल्या होत्या आणि ज्या आईकडे आयुष्यभर मन मोकळं केलं तिलाही मुकल्या होत्या, तेही एकाच दिवशी. एकाकडे रोज सकाळी खोटं बोलायचं आणि दुसरीला तोंड दाखवायचं नाही. वर प्रत्येक जण सांगतोय, आक्का, देवळात जात चला, बरं वाटेल.

केनेथ पार्गामेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी श्रद्धा आणि संकट यांच्या नात्यावर खूप काम केलं आहे. श्रद्धेनं माणूस सावरतो हे त्यांनी दाखवलं, तसंच दुसरी बाजूही दाखवली. देवानं आपल्याला टाकलं किंवा देव शिक्षा देतोय असं ज्याला वाटतं, त्याची श्रद्धा त्याला आधार देण्याऐवजी आणखी पिळते. म्हणून 'तुम्ही धार्मिक आहात का' हा प्रश्न अपुरा आहे. सध्या देवाशी बोलणं आहे का, हे विचारायला हवं. आणि उत्तर ऐकायची तयारी हवी.

देवी माफ करते, असं मी त्यांना सांगितलं नाही. तसं सांगायचा मला अधिकार नाही, आणि इतक्या स्वस्तात मिळालेली माफी त्यांनी मानलीही नसती. एवढंच म्हणाले की आपल्याकडे संतांनीसुद्धा देवाला बोल लावलेत, रुसलेत, भांडलेत. भांडण नात्यातल्या माणसाशीच होतं. आणि देवळात जायचा विषय आम्ही बाजूला ठेवला. मुलाला मात्र त्यांनी खरं सांगावं की न सांगावं, हे त्यांच्यावर सोडलं.

रंकाळा

मधल्या काळात मुलानं तिकडून गणपतीपुळ्याच्या सहलीचे पैसे भरले होते. समुद्र बघून आईला बरं वाटेल, हा हेतू. आक्का जाऊन आल्या आणि दोन दिवस पडून राहिल्या. बसमध्ये सगळे जोडीनं नाहीतर नातवंडं घेऊन आलेले. समुद्र सुंदर होता, पण त्याच्या काठावर त्या एकट्याच कुणाच्या नव्हत्या. निसर्गानं मन शांत होतं असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर असा प्रवास येतो. माझ्या अनुभवात म्हाताऱ्या माणसाला उपयोगी पडतं ते घरापासून पायी जाता येईल, रोज दिसेल, आणि ज्याच्यासाठी कुणाचे आभार मानावे लागणार नाहीत असं काहीतरी.

पेठेतल्या माणसाला ते रंकाळा तलावाच्या रूपानं आयतंच मिळालेलं आहे. शेजारच्या वहिनी रोज सकाळी तिकडे फिरायला जायच्या. फोन झाल्यावर, सात वाजता, ज्या वेळी आक्कांचा दिवस संपायचा, त्याच वेळी त्यांच्याबरोबर निघायचं असं ठरलं. तोवर घड्याळ बदलून फोन साडेपाचला येऊ लागला होता, त्यामुळं मधला तास अंगावर यायचा. तो तास चहा आणि देवपूजेऐवजी नुसत्या झाडलोटीत जायचा.

पहिले काही दिवस त्या फक्त चालल्या. मग कठड्यावर बसायला लागल्या. आणि मग एक दिवस मला म्हणाल्या, "ताई, त्या काळ्या पाखराच्या कपाळावर पांढरा टिळा कशाचा ओ?" पाण्यावर थव्यानं फिरणारे ते वारकरी पक्षी. आयुष्यभर रंकाळ्याशेजारी राहून आक्कांनी त्यांना कधी नीट बघितलंच नव्हतं. घरचं आवरून शेंगदाण्याचं कूट करायला पळणाऱ्या बाईला तळ्याकाठी बसायची फुरसत कुठून असणार?

नातीची गणिताची एक वही मागं राहिली होती. पुढची पानं भागाकारांनी भरलेली, मागची कोरी. मी म्हटलं, जे दिसेल ते त्यात लिहा, चार शब्द पुरे. आक्का सातवी शिकलेल्या, अक्षर सुरेख. वहीतल्या काही नोंदी त्यांच्या परवानगीनं देते (संध्यामठ म्हणजे रंकाळ्याच्या पाण्यातली जुनी दगडी वास्तू) :

"धोबी पाखरू दोन दिस झालं दिसत न्हाई."

"पाणी उतरलं. संध्यामठाचं दगड उघडं पडलं. पोरगं ल्हान असताना हितंच चप्पल हरवून आलं होतं."

"बहावा फुलला. पिवळा जर्द."

"वळीव. गारा. पत्र्यावर लई आवाज. भ्या वाटलं न्हाई."

शेवटची नोंद मला महत्त्वाची वाटते. आदल्या वर्षीपर्यंत वळवाच्या विजेला भिऊन त्या नातवंडांना जवळ घेऊन बसायच्या, म्हणजे भीती कुणाची होती हे ओळखायला वेळ लागत नाही. या वर्षी एकट्या होत्या, आणि गारा कशा उडतात ते बघत दारात उभ्या राहिल्या.

इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. धोबी पक्षी थंडीत आपल्याकडे येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला उत्तरेकडे, हिमालयाकडे जातो, हे मी त्यांना सांगितलं. पुन्हा पावसाळा सरताना येतो, असंही म्हणाले. त्यात दिलासा होता, असं मला वाटलं होतं. आक्कांनी मान हलवली. "पाखरू येतंय. माणसाचं तसं न्हाई. पोरांच्या शाळा तिकडंच हुणार." त्या बरोबर होत्या. त्यांना रंकाळ्यानं धीर दिला तो असल्या दाखल्यांनी दिला नाही. तिथं त्यांच्या मनाबाहेर काहीतरी रोज घडत होतं, आणि ते घडायला त्यांचं सुख किंवा दुःख लागत नव्हतं, एवढ्यानंच त्यांना मोकळं वाटायचं. रंकाळ्याचं पाणीही काही स्वच्छ नाही. सांडपाणी मिसळतं, जलपर्णी माजते. वहीत तेही आहे, आणि महापालिकेला उद्देशून दोन शब्दही आहेत, ते इथं देत नाही.

नवं पाणी

आषाढ लागला की पंचगंगेला नवं पाणी येतं, तांबडं, गढूळ. कोल्हापुरातल्या गल्ल्या मंगळवारी आणि शुक्रवारी ते पाणी कळशीत भरून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर, त्र्यंबोली देवीला नेतात. पुढं 'पी ढबाक'चा ताल, मागं कळश्या घेतलेल्या मुली आणि बायका. देवीच्या पायरीवर ते पाणी घालायचं, नैवेद्य दाखवायचा आणि मग गल्लीचं जेवण.

आक्कांच्या घरातून गेली काही वर्षं नात कळशी घ्यायची. या वर्षी गल्लीतल्या बायका वर्गणी घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्या घरातून कोण? आक्का म्हणाल्या, आमच्या घरात आता कोण हाय. बायका म्हणाल्या, तुम्ही हाय की.

"मी? माझ्या कपाळाला कुंकू न्हाई. मी कळशी कशी घेऊ?"

त्यावर गल्लीतल्याच एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "नदीला ठावं हाय व्हय कुणाचं कपाळ कसलं?"

हे वाक्य आक्कांनी मला कितीदा तरी सांगितलं. याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारला त्यावर परिपत्रक काढावं लागलं. अशा ठरावांचं मोल मोठं आहेच. पण एखाद्या बाईच्या दारात येऊन तिच्या वयाची दुसरी बाई असं बोलते तेव्हा तो ठराव त्या घरापर्यंत पोचतो.

घाटापासून टेकडीपर्यंत सगळं चालणं आक्कांना झेपणारं नव्हतं. अर्ध्या वाटेवर त्या रिक्षात बसल्या, कळशी मांडीवर. प्रत्येक गतिरोधकाला पाणी हिंदकळायचं. उतरल्या तेव्हा पातळाचा पुढचा भाग तांबड्या पाण्यानं भिजला होता, पण कळशी त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही.

टेंबलाईची, म्हणजे त्र्यंबोलीची, कथा कोल्हापुरात लहान पोरालाही ठाऊक असते. राक्षसाशी झालेल्या लढाईत त्र्यंबोलीनं मोठं काम केलं. विजयाचा सोहळा झाला, आणि अंबाबाई तिला बोलवायला विसरली. त्र्यंबोली रुसली आणि टेकडीवर पाठ फिरवून जाऊन बसली. मग अंबाबाईच तिची समजूत काढायला गेली. आजही नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते, दोघींची भेट होते, कोहळा फोडतात.

पुढच्या भेटीत आक्का म्हणाल्या, "पायरीवर पाणी घातलं आणि एकदम ध्यानात आलं. ही बी रुसूनच बसलीया की. देवी असून. आणि मोठी आई हिच्याकडं येती, ही जात न्हाई." मग हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

मी महिनोन्‌महिने जे शब्दांत शोधत होते ते त्यांना त्यांच्याच गावच्या कथेत सापडलं. रुसलेल्याला या श्रद्धेत जागा आहे. टेकडीवर एक अख्खं देऊळ आहे त्याच्यासाठी. बाहेरून आणलेला कुठलाही सल्ला हे काम करू शकला नसता, आणि मी आधी ही कथा 'उपाय' म्हणून सांगितली असती तर तीही वाया गेली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ती पाण्याच्या वजनासकट कळायची होती.

त्यानंतरच्या एका मंगळवारी आक्का अंबाबाईला गेल्या, एकट्या. बोललेली ओटी भरली. काम झालं नव्हतं, म्हणजे नवसाच्या हिशेबानं देणं लागत नव्हतंच. मी विचारलं, मग का भरली? म्हणाल्या, "तिचं देणं न्हवतं. सुनेचं होतं." त्याच आठवड्यात त्यांनी सुनेला फोनवर सगळं सांगितलं. सून काय म्हणाली हे त्यांनी मला सांगितलं आहे, ते त्या दोघींपुरतंच ठेवते. एवढं लिहिते की त्यानंतर सून रोज ड्युटीला जाताना वाटेतून वेगळा फोन करू लागली.

फोनवरचं बोलणं

जुलैच्या शेवटी पंचगंगा वाढली. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे पावसाळ्यात कोल्हापूरकराच्या तोंडी असतात. पाणी ४३ च्या पुढं गेलं तशी मुलाची तिकडे झोप उडाली. २०१९ आणि २०२१ चे महापूर त्यानं इथं पाहिले होते. दिवसातून चार वेळा फोन. आक्का त्याला सांगत होत्या : किती फूट झालं, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, कुठला रस्ता बंद झाला, आपल्या गल्लीत पाणी येत नाही हे तुला माहीत नाही का. अर्धं वर्ष मुलगा आईची चौकशी करत होता. त्या आठवड्यात आईनं मुलाला धीर दिला.

मला वाटतं फोन तिथून बदलला. सांगण्यासारखं काहीतरी त्यांच्याकडे आलं. नात विचारायला लागली, वारकरी किती दिसले, संध्यामठ बुडाला का. ऑक्टोबरात तिनं तिकडची बातमी दिली : शाळेवरून मोठे बदक-हंस कोन करून दक्षिणेकडे जातात. आक्कांनी तेही वहीत उतरवलं, 'कॅनडा' असा वेगळा मथळा करून.

दिवाळी मात्र वाईट गेली. फराळ केला, पण लाडू वळताना नातवाचा हात मध्ये येत नव्हता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. साडेपाच झाले, सहा झाले. आक्कांनी तीनदा लावला, कुणी उचलला नाही. सव्वासहाला त्या वहिनींच्या दारात, अंगाला कापरं. साडेसहाला फोन आला, सगळे ठीक. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं घेतात, आणि हे सांगायचं मुलाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. अमेरिका-कॅनडात जिथं घड्याळं अशी बदलतात तिथं गेलेल्या प्रत्येक मुला-मुलीनं ही एक गोष्ट करावी : मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार आईच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवावा. एवढ्याशा गोष्टीनं एका म्हाताऱ्या बाईचा जीव तासभर टांगणीला लागला होता.

मग नातीनं फोनवर आजीला घड्याळ शिकवलं. आता साडेदहा तासांचा फरक. इथं संध्याकाळचे साडेपाच तर तिथं सकाळचे सात. आक्कांनी वहीत तक्ता केला. आणि तो करताना त्यांना दिसलं की किरणोत्सव चार दिवसांवर आला आहे.

अंबाबाई पश्चिमेकडे तोंड करून आहे. वर्षातून दोनदा, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर, असा क्रम मानतात. ढग आले, हवेत बाष्प-धूळ असली की किरणं वाटेतच विरतात. वाटेतल्या बांधकामांचाही प्रश्न आहे. पण साडेपाचच्या सुमाराला देवळात उभा असलेला प्रत्येक माणूस तोवर बोलायचं थांबलेला असतो.

आणि नोव्हेंबरच्या त्याच आठवड्यात टोरांटोत सूर्य उगवतो सकाळी सातच्या आसपास. म्हणजे इथं मावळती जेव्हा गाभाऱ्यात शिरते तेव्हाच तिथं पोरांच्या खिडकीत उजाडत असतं. हे गणित मी घातलेलं नाही. आक्कांनी तक्त्यावर बोट ठेवून मला दाखवलं. त्या दिवशी संध्याकाळी त्या देवळात होत्या, आणि नातीला सांगून ठेवलं होतं की सातला खिडकीत उभी राहा. नंतर दोघींनी एकमेकींना काय दिसलं ते सांगितलं. नातीला समोरच्या इमारतीच्या गच्चीमागून सूर्य आलेला दिसला. आजीला गर्दीतून फारसं काही दिसलं नव्हतं, म्हणाली, पण मी होतो तिथं.

अजून न सुटलेलं

साखर आटोक्यात आहे, वजन थोडं भरलं, प्रश्नावलीची उत्तरं बदलली. गोळ्यांची गरज पडली नाही. पडली असती तर घ्यायला लावल्या असत्या, श्रद्धेच्या भरवशावर नैराश्य सोडून देऊ नये.

रात्री अजून जड जातात. मध्यरात्री छातीत दुखलं तर काय, याचं उत्तर रंकाळ्याकडे नाही आणि देवीकडेही नाही. त्यासाठी वहिनींकडे किल्ली आहे, भिंतीवर डॉक्टरांचा आणि ज्येष्ठांच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४५६७, नंबर मोठ्या अक्षरात लावला आहे. मन फारच खालावलं तर बोलायला टेलीमानसचा १४४१६ आहे. बँकेचे व्यवहार मोबाइलवरून करायची त्यांना भीती वाटते, फसवणुकीच्या बातम्या ऐकून. पासबुक घेऊन शाखेत जाणंच त्यांना पसंत आहे आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही.

मुलाला आईनं कायमचं तिकडे यावं असं वाटतं. कॅनडात आई-वडिलांसाठी एक लांब मुदतीचा व्हिसा आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यानं मला विचारलं, तुमचं मत काय, तिथं तिचं मन लागेल का? मी म्हटलं, हे मला विचारू नका, त्यांना विचारा. त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं : उन्हाळ्यात येतो, पोरांना सुट्टी लागली की राहतो, पण आषाढाच्या आत मला घरी सोडायचं. मुलगा म्हणाला, अगं, तिकडची सुट्टीच जुलै-ऑगस्टला असते. म्हणजे नेमका आषाढ-श्रावण. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याआधी करून घ्यायचं एवढं ठरलं आहे, बाकीचं दोघांचं फोनवर अजून चालू आहे.